बसलात की उठलात?

त्याचं खरं नाव हजेरीच्या यंत्राला ठाऊक होतं, बाकी कुणाला नाही. सगळ्यांसाठी तो उठवे. ते आडनाव नव्हतं. तो लोकांना उठवायचा, म्हणून उठवे.

शहराला पाणी पुरवणाऱ्या संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक लांबट खोली होती. तिथे एक टेबल, एक काळा फोन, एक जाड वही आणि भिंतीशी सतत घरघरणारा सर्व्हर. पाणी किती आलं, किती गेलं, कुठल्या टाकीत किती उरलं, कुठला पंप तापलाय, सगळे अहवाल त्यातून निघत. त्यात एका वेळी साठ जणांना शिरता येई. एकसष्टाव्याला दार बंद.

माणसांची खोड अशी, की आत शिरायची घाई सगळ्यांना, बाहेर पडायची आठवण कुणालाच नाही. अहवाल उघडायचा, एक आकडा बघायचा आणि चहाला जायचं. संगणक बापडा धनी बसलाय असं समजून जागा अडवून ठेवणार. कुणी तर तसाच विजेचा खटका दाबून घरी जाई, आणि सर्व्हर दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याची खुर्ची सांभाळत बसे. अकरा वाजेपर्यंत साठच्या साठ जागा भरत. त्यातल्या तीस रिकाम्या असत.

त्या रिकाम्या करणं हे उठवेचं काम. एक बटण दाबलं की झालं असतं. तो आधी फोन करायचा.

"अहो, बसलात की उठलात?"

"बसलोय हो. जरा जगू द्या."

"उठलो, उठलो. काढा आमचं."

स्टोअर सांभाळणारी बाई जिभेची तिखट. ती म्हणायची, "मागच्या जन्मी कोंबडा होतात काय हो तुम्ही?" तो म्हणायचा, "हो, आणि तुम्ही उशी. बसलात की उठलात, ते सांगा."

कुणी फोन उचलला नाही, तर तो शेजारच्या टेबलावर लावायचा. तिथेही नाही उचलला, तर जिने उतरून जायचा आणि स्वतःच्या डोळ्यांनी खुर्ची बघायचा. त्याच्या वहीत तीन रकाने होते. नाव, खोली, फोनचा नंबर. लोक हसायचे. त्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याने न विचारता एक अडकलेला अहवाल बंद केला होता. तो अडकलेला नव्हता. सबंध वर्षाचा होता, हळू चालला होता, आणि एक बाई चाळीस मिनिटं त्याच्यापुढे हात बांधून बसली होती. ती दोन मजले चढून वर आली. चष्मा काढून त्याच्या टेबलावर ठेवला आणि पदराने डोळे पुसले.

तेव्हापासून फोन.

दुपारी पावणेतीनचा फोन मात्र निराळा होता. तो भाऊजींना असायचा.

उठवे नऊ वर्षांचा असताना आई गेली. ताई वीस वर्षांची होती, आणि तिचं लग्न ठरलेलं होतं. लग्न झाल्यावर ती एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात भाऊ धरून सासरी आली. भाऊजींनी आधी ट्रंक घेतली, मग भावाचा हात. "एकीच्या जागी दोघं आली," ते पुढे जन्मभर सांगत, "आणि या पठ्ठ्याला भूक दोघांची." उठवेला सायकल त्यांनी शिकवली. पहिली दाढी त्यांनी करून दिली. संस्थेतल्या जागेची जाहिरातही त्यांनीच कापून आणली होती.

भाऊजी क्लोरीनघरात होते. गाळण्याच्या हौदांपलीकडे, आवाराच्या टोकाला ती एकटी इमारत. आतल्या खोलीत माणसाएवढे लांब लोखंडी सिलिंडर, बाहेर एक काचेची केबिन. पाण्यात घालायचा क्लोरीन त्या सिलिंडरांतून जायचा. रोज तीन वाजता भाऊजी आत जाऊन रिकामा सिलिंडर सोडवत आणि भरलेला जोडत. तिथला वायू गळला तर माणसाचं नाक आधी ओरडतं. छातीला कळायच्या कितीतरी आधी. म्हणून त्या कामात नाक हाच पहिला पहारेकरी.

भाऊजींचं नाक दोन वर्षांपूर्वी एका तापात गेलं. शेगडीवरचं दूध करपून काळं झालं आणि ते दोन हातांवर बसून वर्तमानपत्र वाचत राहिले. तेव्हा ताईला कळलं. मग उठवेला. चौथ्या माणसाला कळता कामा नव्हतं. कळलं तर त्यांना फाटकावर बसवलं असतं.

"अठ्ठावीस वर्षं शहराचं पाणी शुद्ध केलं," भाऊजी म्हणाले, "आता गाड्यांचे नंबर लिहू?"

"मग नाकाविना काय करणार?"

"तू आहेस ना. तू कर माझं नाक."

भिंतीवरचा भोंगा बिघडलेला होता. नवा मागवल्याचा कागद दोनदा वर गेला होता, वरच राहिला होता. पण आतल्या खोलीतलं वायू मोजणारं उपकरण चालू होतं, आणि त्याचे आकडे सर्व्हरकडे येत होते. उठवेने त्यांचा एक अहवाल केला. पडद्यावर एकच आकडा, वितीएवढा मोठा. दर पाच मिनिटांनी आपोआप ताजा होणारा. शून्य म्हणजे जा. एक म्हणजे थांबा. तीन म्हणजे पळा.

आणि पावणेतीनला फोन.

"बसलात की उठलात, भाऊजी?"

"बसलोय, मेहुणे. शून्य."

"मुखवटा?"

"खांद्यावर."

"तोंडावर घाला."

"तोंडावर घातला तर तुझ्याशी बोलू कसा?"

क्लोरीनघरातला संगणक जुना होता, मध्येच रुसायचा. आकडा ताजा व्हायचा थांबला की उठवेला वर त्याच्या पडद्यावर दिसायचं. तो लगेच फोन उचलायचा. "अडकलंय. बंद करून परत उघडा." भाऊजी उघडायचे. असं महिन्यातून दोनदा व्हायचं. दोघांनाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

मग नवे साहेब आले. ते गोड बोलणारे होते, आणि गोड बोलून गळा कापणाऱ्यांतले नव्हते. खरंच भले होते. हे सांगायला हवं. या गोष्टीत वाईट माणूस शोधून सापडत नाही.

त्यांच्या पाचव्या महिन्यात संचालकांची बैठक होती. भिंतीवर मोठा पडदा, समोर चौदा माणसं. साहेबांनी अहवाल उघडला. पडद्यावर अक्षरं आली: जागा शिल्लक नाही. उठवे त्या वेळी वर नव्हता. तिसऱ्या खोलीतलं कुणी फोन उचलत नव्हतं, म्हणून तो खुर्ची बघायला खाली गेला होता. चौदा माणसं अकरा मिनिटं कोऱ्या पडद्याकडे बघत बसली.

संध्याकाळी साहेबांनी त्याला बोलावलं. बसा म्हणाले.

"उठवे, तुमची माणुसकी मला आज अकरा मिनिटांची पडली."

"चुकलं, साहेब."

"तुमचं नाही चुकलं. पद्धत चुकतेय. हे काम माणसाने का करायचं? वीस मिनिटं कुणाचा हात लागला नाही, की सर्व्हरने आपण होऊन बंद करायचं. अडकलेलं असो की सोडून दिलेलं. फोन नाही, जिने नाहीत."

"हात लागला नाही म्हणजे माणूस नाही, असं नसतं साहेब. काही जण नुसते बघत असतात."

साहेबांनी मान हलवली. ते ऐकून घेणारे होते. "मग यादी करा. ज्यांना हात लावायचा नाही, त्यांची. बाकी सगळं आपोआप. पंधरा दिवस पुरतील?"

उठवेला बरं वाटलं. यादीत पहिलं नाव कुणाचं, हे त्याने जिना चढतानाच ठरवलं.

दोन दिवसांनी, सकाळी आठला, क्लोरीनघरातून फोन आला.

"मेहुणे, हा मला आत घेत नाही."

"काय म्हणतो?"

"पासवर्ड जुना झाला म्हणतो. नवा दिला तर म्हणतो मोठं अक्षर घाल, आकडा घाल, चिन्ह घाल. सगळं घातलं. आता म्हणतो, तुमचं खातंच बंद केलंय."

"तीनदा चुकलात?"

"चारदा. चौथ्यांदा तुझ्या ताईचं नाव घातलं. तेही चाललं नाही."

खातं उघडायला अर्ज लागायचा. अर्जावर विभागप्रमुखाची सही, आणि एक रकाना: हा अहवाल तुम्हाला कशासाठी हवा? क्लोरीनघराच्या माणसाला असा अहवाल लागत नाही. त्याला भोंगा असतो आणि नाक असतं. तारेवर नुसती घरघर येत राहिली.

"असं करा," उठवे म्हणाला. "माझं एक खातं आहे, नवे अहवाल तपासायला ठेवलेलं. 'चाचणी' नावाचं. त्या नावाने शिरा. पासवर्ड सांगतो. आजच्या दिवस चालवा. तुमचं मी बघतो मागनं."

"जमलं," दोन मिनिटांनी भाऊजी म्हणाले. "शून्य."

मागनं बघायचं राहून गेलं. तेवढंच झालं. यात आणखी काही नाही.

उठवे नऊ दिवस ते काम लिहीत होता. मन लावून लिहीत होता. एक अडचण आली. कितीतरी अहवाल आपोआप ताजे होत, आणि रिकाम्या खोल्यांतही होत राहत. कुणी बघत नसताना पडदे आपले बदलतच असायचे. ते बदलणं हालचाल म्हणून धरलं, तर कुणीच कधी बाहेर पडलं नसतं. त्याने विचार केला आणि लिहिलं: यंत्र आपोआप करतं ते धरायचं नाही. फक्त माणसाचा हात धरायचा. हे बरोबर होतं. आजही कुणाही जाणत्याला विचारलं तर तो बरोबरच म्हणेल.

मग यादी. सात नावं. पहिलं भाऊजींचं. त्या नावावर त्याने पेन्सिलीने बारीकशी खूण केली.

स्वतःच्या पडद्यावर त्याने करून पाहिलं. वीस मिनिटं हात बांधून बसला. एकविसाव्या मिनिटाला ठळक अक्षरं आली: तुम्हाला बाहेर काढण्यात आलं आहे, पुन्हा प्रवेश करा. त्याचं समाधान झालं. जुन्या संगणकांवर ती अक्षरं येतात की नाही, हे त्याने पाहिलं नाही. ती येत नव्हती. तिथे सगळं होतं तसंच राही. शेवटचा आकडाही.

पहिल्या दिवशी त्रेचाळीस जागा झाडून निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सर्व्हरने आपण होऊन नोंद पाठवली: आदल्या दिवशी कुणाला काढलं, किती वाजता. सर्वांत वरची ओळ होती, चाचणी, आठ पंचवीस.

उठवेला हसू आलं. सगळ्यांना उठवतोय आणि आपलंच एक कुठेतरी उघडं राहिलंय. दिव्याखाली अंधार. एखाद्या संगणकावर आपणच कधीतरी सुरू करून ठेवलं असणार, शोधलं पाहिजे, असं त्याला वाटलं. कुठल्या खोलीतून, हे नोंदीत नव्हतं. तो रकाना त्याच्या वहीत होता. सर्व्हरच्या नोंदीत ठेवायचं त्याला सुचलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या दिवशीही वरची ओळ तीच. चाचणी, आठ पंचवीस. तिसऱ्या दिवशी आठ चोवीस.

खोली शांत झाली. अडकलेले अहवालही आता सर्व्हरच काढून टाकी, म्हणून उठवेच्या पडद्यावर अडकलेलं काही दिसेना. "कोंबडा मेला वाटतं," स्टोअरवाली जाता जाता म्हणाली. काळा फोन तक्रार विभागाला हवा होता. साहेबांनी त्याला विचारलं, "आता तुम्हाला कशाला?" खरंच कशाला, असं त्यालाही वाटलं. दोन माणसं येऊन तो घेऊन गेली. टेबलावर त्याच्या जागी फिकट चौकोन राहिला.

क्लोरीनघरात मोबाइल चालत नसे, तो फाटकावर ठेवून आत जावं लागे. पहिले दोन दिवस पावणेतीनला उठवे स्टोअरमध्ये जाऊन तिथल्या फोनवरून बोलला. "बसलोय. शून्य." तिसऱ्या दिवशी स्टोअरवाली स्वतःच बोलत होती. तो दाराशी थोडा उभा राहिला आणि परत फिरला. चौथ्या दिवशी साहेबांनी त्याला दुपारी दोन ते चार नव्या लोकांना शिकवायला बसवलं. नाव यादीत होतं.

सुट्टीच्या दिवशी तो ताईकडे जेवायला गेला. नेहमीचंच. ताई वाढत होती, भाऊजी पाण्याचे पेले भरत होते.

"फोन बंद झाले रे तुझे," भाऊजी म्हणाले.

"आता सगळं आपोआप होतं. तुमचं नाव यादीत पहिलं घातलंय. तुम्हाला कुणी उठवणार नाही. निवांत बसा."

"निवांतच आहे. तुझा आकडा हल्ली फार शहाणा झालाय."

"म्हणजे?"

"पूर्वी मधूनच जरा हले. शून्य पूर्णांक एक, परत शून्य. आता हलतच नाही. शून्य म्हणजे शून्य."

"बरंच आहे की."

"बरंच आहे," भाऊजी म्हणाले.

ताईने हातातली पळी थांबवली. "हलत नाही म्हणजे?" तिने विचारलं.

"अगं, गळत नाही म्हणून हलत नाही," उठवे म्हणाला. "तू वाढ."

तिने वाढलं.

नोंद रोज नऊला येत होती. वरची ओळ रोज तीच होती. सातव्या दिवशी त्याने ती वाचणंही सोडलं. नजर दुसऱ्या ओळीपासून सुरू व्हायची. रोज दिसणारी गोष्ट दिसेनाशी होते, हे त्याने नव्या लोकांना त्याच आठवड्यात शिकवलं होतं.

बाराव्या दिवशी दुपारी तो फळ्याशी उभा होता. तीन वाजून दहा मिनिटांनी खिडकीजवळचा एक जण उठून उभा राहिला. मग दुसरा. खाली हौदांच्या कडेने माणसं पळत होती. पळणारी माणसं सगळी एकाच बाजूला पळत होती. क्लोरीनघराकडून इकडे.

उठवे तिकडे पळाला.

त्याला आत जाऊ दिलं नाही. टाक्या पाठीला बांधलेली दोन माणसं आत गेली आणि भाऊजींना घेऊन आली. मुखवटा खांद्यावर होता. डोळे उघडे होते. छाती वर जात होती, पण आत काही जात नव्हतं. त्यांनी उठवेकडे बघितलं. ओळखलं की नाही, ते सांगता येत नाही.

वारा दुसऱ्या बाजूचा होता. अर्ध्या तासाने केबिन मोकळी केली. तो तिथे गेला. टेबलावर अर्धा पेला पाणी, घडी घातलेलं वर्तमानपत्र, चष्मा. पडदा चालू होता. त्यावर वितीएवढं शून्य होतं. आतल्या उपकरणाच्या तोंडावर तेव्हाही एकोणीस दिसत होते.

शून्याखाली बारीक अक्षरांत वेळ होती. आठ पंचवीस.

वरच्या कोपऱ्यात, आत शिरलेल्या माणसाचं नाव येतं तिथे, चाचणी.

शेवटी कुणीतरी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

बारा दिवस भाऊजी मेलेल्या आकड्यासमोर बसले होते. सकाळी आठ पाचला यायचे, आत शिरायचे, आणि वीस मिनिटांनी सर्व्हर त्यांना काढायचा. निमूट. मग सबंध दिवस ते सकाळचं शून्य बघायचे, आणि त्याच्या भरवशावर तीन वाजता आत जायचे. अकरा दिवस आत काही नव्हतं.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी, दवाखान्यात, ते गेले.

चौकशी झाली. सिलिंडरच्या जोडातली चकती झिजलेली होती. मुखवटा तोंडावर नव्हता. भोंग्याची मागणी प्रलंबित होती. अहवालाबद्दल एक ओळ होती: सदर कर्मचाऱ्याचे नाव वगळावयाच्या यादीत समाविष्ट होते. एवढंच. चाचणी नावाचा उल्लेख नव्हता, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

उठवेने साहेबांना जाऊन सांगितलं. उभ्यानेच. खातं, अर्ज, नाक, सगळं. साहेबांनी उठून दार लावलं.

"ती रोजची नोंद किती दिवस राहते?" त्यांनी विचारलं.

"तीस. मग आपोआप पुसली जाते. मीच तसं लिहिलंय."

"मग पुसली जाऊ दे." ते हळू बोलले. "तुमच्या बहिणीला आता तुम्हीच आहात. नाकाचं बाहेर आलं तर त्यांचं जे मिळायचंय तेही अडकेल. तुमची नोकरी जाईल. कुणाचं भलं होईल, सांगा मला."

त्यांना खरंच तसं वाटत होतं.

उठवे रोज कामावर जात राहिला. रोज संध्याकाळी ताईकडे जायचा. ती चहा ठेवायची. दोघं बसायची. तिने एकदाही काही विचारलं नाही, आणि तेच त्याला सोसेना. ती म्हणायची, "तू होतास म्हणून ते इतकी वर्षं निभावले." तो चहा प्यायचा. तोंडात मीठ असल्यासारखा लागायचा.

सर्व्हरवरच्या ओळी एकेक करून मागच्या टोकाने पुसल्या जात होत्या. पहिल्या दिवसाची आठ पंचवीस गेली. मग दुसऱ्या दिवसाची. तो रोज मोजायचा. किती उरल्या ते. कुणी त्यांना हात लावत नव्हता. त्याचंच काम ते, चोख चाललं होतं.

अगदी शेवटची एक ओळ उरली, त्या दिवशी त्याने तिचा कागद काढला. घडी घालून खिशात ठेवला आणि ताईकडे गेला.

तिने चष्मा लावला. कागदावर एक ओळ. चाचणी. आठ पंचवीस. बंद केले. कारण: हालचाल नाही.

"हे कोण?" ती म्हणाली.

"भाऊजी."

मग त्याने सांगितलं. त्याचं सांगून झालं तेव्हा तिने कागद टेबलावर ठेवला आणि तळहाताने सपाट केला. दोनदा.

"मी त्यांना विचारलं होतं," ती म्हणाली. "तू जेवून गेलास त्या दिवशी. म्हटलं, आकडा हलत नाही म्हणजे अडकला तर नाही ना? मला कशातलं काय कळतं. हसले. म्हणाले, अडकला तर मेहुण्याचा फोन येतोच."

बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती. परत परत कुंथत होती.

"ताई."

"फोन का नाही केलास रे?"

ती रडत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. त्या जेवणाच्या दिवशी पळी हातात धरून थांबली होती, तशीच आता थांबली होती. त्याच्याजवळ उत्तर होतं. काळा फोन नेला, स्टोअरवाली बोलत होती, शिकवायचा वर्ग होता, नाव यादीत होतं. त्याने टेबलावरचा कागद उचलला आणि परत ठेवला.

"दुसरे कुणी आहेत का असे?" तिने विचारलं. "नुसते बघत बसलेले?"

"माहीत नाही."

"माहीत नाही," ती म्हणाली. उठली आणि आत गेली. त्या दिवशी तिने चहा ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दोन कामं केली. सगळं लिहून, खाली सही करून कागद चौकशीच्या माणसाकडे दिला. आणि सर्व्हरच्या नोंदीत एक रकाना वाढवला. खोली.

साफसफाई थांबवायचा अधिकार त्याला नव्हता. साहेब म्हणाले, संचालक खूश आहेत, तुमच्या कागदाचं काय होतं ते बघू, मग बघू. सर्व्हर भिंतीशी घरघरत होता. साठांतल्या चौतीस जागा मोकळ्या होत्या.

पुढच्या दिवशी नऊला नोंद आली. एकूण एकेचाळीस. त्याने यावेळी पहिल्या ओळीपासून वाचलं. पहिली ओळ स्टोअरची. दुसरी, तिसरी ओळखीची. सहावी ओळ आठ बत्तीसची होती. नाव एका माणसाचं, जो मागच्या वर्षी नोकरी सोडून गेला होता. खोली: उंचावरच्या टाकीचं पंपघर, तळघर.

त्याने वही काढली. पंपघर, तळघर. नंबर होता.

तो स्टोअरमध्ये गेला. बाईने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न बोलता फोन त्याच्याकडे सरकवला.

पलीकडे घंटा वाजू लागली. सात वेळा. आठ. नऊ.

"कुणी नसेल," बाई म्हणाली. "उठले असतील."

त्याने रिसीव्हर खाली ठेवला नाही.